हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली रेघ : १९५१ चा न्यूयॉर्क बास्केटबॉल घोटाळा

१/
अमेरिकेतील बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एका पक्षाच्या मते कॉलेजचा बास्केटबॉल हाच खरा, कारण तेथे मुले पैशासाठी नव्हे, तर आपल्या संस्थेच्या नावासाठी खेळतात. दुसऱ्या पक्षाच्या मते कौशल्याचा कळस पाहायचा तर तो व्यावसायिक एनबीएमध्येच. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मात्र मान्य असते : कॉलेजचा खेळ मुळात निर्मळ होता आणि पैसा त्यात नंतर शिरला. १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये या समजुतीची कठोर परीक्षा झाली. हा थ्रेड त्या प्रकरणाविषयी आणि त्याच्या दीर्घ सावलीविषयी.

२/
प्रारंभ डिसेंबर १८९१ चा. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत खेळता येईल, पण ज्यात हातपाय मोडणार नाहीत, असा खेळ त्यांना हवा होता. सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून आणि १३ नियम लिहून त्यांनी तो सिद्ध केला. पुढे १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथील बास्केटबॉल प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभवांची संख्या अधिक असलेले ते एकटेच! नेस्मिथ यांच्या लेखी हा खेळ शरीरशिक्षणाचा भाग होता. जिंकणे हा त्याचा हेतू नव्हता.

३/
खेळ मात्र जनकाच्या हेतूपाशी थांबला नाही. १८९६ च्या सुमारास न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे खेळाडू तिकिटांच्या उत्पन्नातून मोबदला घेऊ लागले होते. पुढील तीन-चार दशके व्यावसायिक संघ गावोगाव फिरत, नाचघरांत आणि शस्त्रागारांच्या दालनांत सामने खेळत. काही ठिकाणी मैदानाभोवती तारेची जाळी असे. १९२३ मध्ये बॉब डग्लस यांनी हार्लेममध्ये ‘न्यूयॉर्क रेनेसाँ’ हा कृष्णवर्णीयांचा संघ उभारला. त्याचे घरचे मैदान म्हणजे एक नृत्यगृह. सामना संपला की तेथेच नाच रंगे. याच संघाने १९३९ मध्ये शिकागो येथील जागतिक व्यावसायिक स्पर्धा जिंकली. तरीही प्रतिष्ठित समाजाच्या दृष्टीने व्यावसायिक खेळाडू म्हणजे एक प्रकारचा फिरता तमासगीरच होता.

४/
प्रतिष्ठा होती ती कॉलेजच्या खेळाला, आणि तिचे पहिले मोठे बाजारमूल्य ओळखले ते नेड आयरिश या पत्रकाराने. २९ डिसेंबर १९३४ रोजी, महामंदीच्या ऐन काळात, त्याने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच तिकिटावर कॉलेजांचे दोन सामने लावले. १६ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. कॉलेजांच्या व्यायामशाळांत एवढी गर्दी मावणेच अशक्य होते. १९३८ मध्ये तेथेच एनआयटी ही निमंत्रितांची स्पर्धा सुरू झाली आणि १९३९ मध्ये एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी स्पर्धा आली. खेळाडू हौशी राहिले. खेळ मात्र धंदा झाला.

५/
प्रेक्षकांपाठोपाठ सट्टेबाज आले. येथे पैजेची एक पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. प्रबळ संघ दुर्बळ संघाशी खेळत असेल, तर दुर्बळाच्या बाजूने पैसे लावणार कोण? म्हणून बुकी गुणांचा फरक आधीच जाहीर करू लागले. समजा, तो १० ठरला. आता प्रबळ संघावर पैसे लावणारा तेव्हाच जिंकणार, जेव्हा तो संघ १० हून अधिक गुणांनी जिंकेल. या पद्धतीने सामना फिरवणे भलतेच सोपे झाले. खेळाडूने हरायचे नव्हते. केवळ सहा-सात गुणांनी जिंकायचे होते. कॉलेजला विजय मिळे, सट्टेबाजाला पैसा, आणि खेळाडूचे मन स्वतःची समजूत घाली की आपण कोणालाच दगा दिला नाही. क्रिकेटमधील ‘स्पॉट फिक्सिंग’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही मनोवृत्ती अपरिचित वाटू नये.

६/
१९५० साली या झगमगाटाच्या मध्यभागी होते सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्क. येथे शिक्षण मोफत होते. त्यामुळे स्थलांतरितांची आणि श्रमिकांची मुले येथे शिकत. प्रशिक्षक नॅट होल्मन स्वतः ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या गाजलेल्या व्यावसायिक संघाचे माजी खेळाडू. त्यांच्या प्रमुख पाच जणांत तीन ज्यू आणि दोन कृष्णवर्णीय तरुण होते. एनआयटीमध्ये या संघाने बलाढ्य केंटकीचा ८९-५० असा धुव्वा उडवला. केंटकीच्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय नव्हता, म्हणून त्या विजयाचा अर्थ गुणफलकापुरता राहिला नाही. पुढे ब्रॅडली विद्यापीठाला एनआयटीच्या अंतिम सामन्यात ६९-६१ आणि २८ मार्च १९५० रोजी एनसीएएच्या अंतिम सामन्यात ७१-६८ असे हरवून सिटी कॉलेजने दोन्ही मुकुट मिळवले. एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा तो एकमेव संघ.

७/
हा आनंद वर्षभरही टिकला नाही. जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूला त्याच्याच एका माजी सहकाऱ्याने १,००० डॉलर देऊ केले. काम तेच : गुणांचा फरक सांभाळायचा. केलॉग हा त्या संघातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याने ही गोष्ट प्रशिक्षकांना सांगितली आणि प्रकरण जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या कार्यालयापर्यंत पोहोचले. १८ फेब्रुवारीला फिलाडेल्फियाचा सामना जिंकून परतलेल्या सिटी कॉलेजच्या खेळाडूंना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर पोलिसांनी ताब्यात घेतले.

८/
तपास विस्तारत गेला. अखेरीस ७ कॉलेजांचे ३२ खेळाडू आणि १९४७ ते १९५० या काळातील ८६ सामने संशयाच्या घेऱ्यात आले. हा रोग केवळ न्यूयॉर्कचा आहे, असे आरंभी इतरत्र मानले जात होते. सट्टेबाज आपल्या मुलांपर्यंत पोहोचूच शकत नाहीत, अशी ग्वाही केंटकीचे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांनी दिली होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांचेच माजी खेळाडू राल्फ बेअर्ड आणि ॲलेक्स ग्रोझा यांना अटक झाली. हे दोघे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेते आणि तोवर एनबीएचे तारे. एनबीएने त्यांना कायमचे बाद केले. १९५२-५३ च्या हंगामात केंटकीचा संघ मैदानात उतरलाच नाही.

९/
किंमत कोणी मोजली, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो. लाँग आयलंड विद्यापीठाचा शर्मन व्हाइट हा त्या काळातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक. तो रायकर्स आयलंडच्या तुरुंगात गेला आणि एनबीएचे दार त्याला कधीच उघडले नाही. होल्मन यांना निलंबित केले गेले, पण ते पुढे पुन्हा प्रशिक्षकपदी आले. गार्डनमध्ये सामने चालूच राहिले. खेळाडूंचा अपराध नाकारण्याचे कारण नाही. त्यांनी पैसे घेतले होते. मात्र ज्या दालनात हजारोंची तिकिटे विकली जात, त्या दालनात वाटा मिळू नये अशी अपेक्षा फक्त विशीतल्या मुलांकडूनच होती, हेही तितकेच खरे.

१०/
व्यावसायिक लीगची अवस्था तेव्हा फारशी भक्कम नव्हती. ६ जून १९४६ रोजी मोठ्या क्रीडागृहांच्या मालकांनी तिचा पाया घातला आणि १९४९ मधील विलीनीकरणानंतर ती एनबीए झाली. परंतु तिचा खेळ अनेकदा कंटाळवाणा असे. आघाडी घेतलेला संघ चेंडू नुसता धरून ठेवी. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनिॲपोलिसला चक्क १९-१८ असे हरवले! उपाय शोधला तो सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी. त्यांचा हिशेब साधा : रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी करतात; सामन्याचे सेकंद २,८८०; भागाकार २४. १९५४-५५ च्या हंगामापासून २४ सेकंदांत फेक करणे बंधनकारक झाले आणि संघांची सरासरी एकाच हंगामात ७९ वरून ९३ गुणांवर गेली. कॉलेजच्या खेळाने सर्वत्र असे घड्याळ स्वीकारायला १९८५ उजाडले.

११/
मग १९५१ च्या घोटाळ्यामुळेच एनबीए मोठी झाली, असे म्हणावे काय? इतिहासात एवढी सरळ रेघ क्वचितच सापडते. न्यूयॉर्कमधील कॉलेज बास्केटबॉलचे तेज ओसरले, हे निश्चित. पण ३१ ऑक्टोबर १९५० रोजी अर्ल लॉइड हा एनबीएत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. त्यानंतर प्रतिभेचा जो ओघ लीगकडे वळला, त्याचा वाटा किती? घड्याळाचा किती? दूरचित्रवाणीचा किती? घोटाळा हे अनेक कारणांपैकी एक होते, आणि ते वेगळे काढून तोलता येत नाही.

१२/
कॉलेजांच्या बाजूने उत्तर आले ते संघटनेकडून. १९५१ मध्येच वॉल्टर बायर्स एनसीएएचे कार्यकारी संचालक झाले आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. पन्नाशीच्या दशकात त्यांच्या कारकिर्दीत ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ करण्यात आला. ऐकायला तो उदात्त वाटतो. पण त्याचे प्रयोजन कायदेशीर होते. खेळताना जायबंदी झालेल्यांनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू नये, यासाठी ते कामगार नाहीत हे ठसवायचे होते. निवृत्तीनंतर याच बायर्स यांनी आपण उभारलेल्या व्यवस्थेवर कठोर टीका केली.

१३/
ही भिंत न्यायालयांत हळूहळू ढासळत गेली. कॉलेजची चार वर्षे उलटल्याशिवाय एनबीएत प्रवेश नाही, या नियमाला स्पेन्सर हेवूडने आव्हान दिले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. २००९ मध्ये एड ओबॅननने एनसीएएवर दावा लावला. त्याची प्रतिमा एका व्हिडिओ गेममध्ये वापरली गेली होती आणि त्याला दमडीही मिळाली नव्हती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निर्णय दिला आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावातून व प्रतिमेतून कमाई करण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीने तर विद्यापीठांनाच खेळाडूंना थेट पैसे देण्याचा मार्ग खुला केला.

१४/
दुसरीकडे, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना क्रीडासट्टा कायदेशीर करण्याची वाट मोकळी झाली. सहाच वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, टोरोंटोच्या जॉन्टे पोर्टरला एनबीएने तहहयात बंदी घातली. तो पगारी खेळाडू होता, तरी सट्ट्याच्या जाळ्यात सापडला. म्हणजे खेळाडूला पैसे दिले की भ्रष्टाचार संपतो, हा निष्कर्षही भाबडाच ठरतो.

१५/
शेवटी दोन आयुष्ये. लाच नाकारणारा केलॉग पुढे हार्लेम ग्लोबट्रॉटर्सकडून खेळला. १९५४ च्या मोटार अपघातात त्याचे शरीर लुळे पडले, आणि त्यानंतर त्याने चाकांच्या खुर्चीवरील बास्केटबॉलचे संघ घडवले. लाच घेणारा सिटी कॉलेजचा फ्लॉइड लेन ब्राँक्समधील मुलांना खेळ शिकवत राहिला आणि १९७४ मध्ये, बदनामीनंतर तेवीस वर्षांनी, त्याच कॉलेजने त्याला प्रशिक्षक म्हणून परत बोलावले. चाहत्यांच्या वादात एकीकडे निर्मळ हौशी असतात आणि दुसरीकडे पैशाचे व्यावसायिक. या दोघांची चरित्रे त्या रेघेच्या कोणत्याच बाजूला नीट बसत नाहीत. हौशी म्हणवणाऱ्या खेळात पैसा पहिल्यापासून होता. तो कोणाच्या हाती जावा, एवढेच त्या रेघेने ठरवले.