आसमानीतली सुलतानी

मराठीने संकटांची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे: आसमानी आणि सुलतानी. आसमान म्हणजे आकाश, सुलतान म्हणजे राज्यकर्ता. हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि आपल्याकडे जोडीने रुजले. पाऊस दडी मारतो, गारपीट होते, ती आसमानी. पीक बुडाले तरी सारा माफ होत नाही, लष्कर उभ्या रानातून जाते, ती सुलतानी. आपत्ती व्यवस्थापनाचा जागतिक इतिहास वाचताना ही जोडी सारखी आठवते. गेल्या अडीचशे वर्षांत जगाला उमगत गेले ते हेच, की आसमानी म्हणून ज्याची नोंद झाली त्यात सुलतानीचा वाटा मोठा होता.

इंग्रजीतला ‘डिझास्टर’ मुळात पक्का आसमानी. इटालियनमधल्या ‘डिझास्त्रो’पासून फ्रेंचमार्गे तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘आस्त्रो’ म्हणजे तारा, आणि त्याआधीचा ‘डिस’ वाईटपणा दाखवणारा. ग्रह फिरले, असे आपण म्हणतो तेच. आपल्या ‘आपत्ती’त मात्र आकाश नाही. ‘पद्’ धातूला ‘आ’ उपसर्ग लागला: अंगावर येऊन पडणे. त्याच ‘पद्’ला ‘सम्’ लागला की संपत्ती, ‘वि’ लागला की विपत्ती. जे येऊन पडले ते कोणामुळे, याबद्दल शब्द काही सांगत नाही. त्याच्याबरोबर येणारी क्रियापदेही तशीच. आपत्ती कोसळते, ओढवते, गुदरते. ती कोणी ‘केली’, असे मराठीत सहसा कोणी म्हणत नाही.

कर्त्याचा हा प्रश्न पहिल्यांदा जोरात उभा राहिला तो लिस्बनमध्ये. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, चर्चे माणसांनी भरलेली. भूकंप झाला, समुद्र आत आला, मग शहर कित्येक दिवस जळत राहिले. हा देवाचा कोप की आणखी काही, यावर युरोपभर वाद पेटला. व्होल्तेरने त्यावर कविता लिहिली. 1756च्या ऑगस्टमध्ये रूसोने त्याला पत्र लिहून विचारले ते असे: सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे तिथे निसर्गाने बांधली होती का? त्याच सुमारास पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ टिकला, माणसे किती गेली, समुद्र आधी चढला की ओसरला. एका अख्ख्या देशाचा पंचनामाच म्हणायचा तो. कोप मोजता येत नाही, पण पडझड मोजता येते, हे त्या कागदांनी दाखवले.

मदतीची तत्त्वे वेगळ्या वाटेने आली, रणांगणावरून. 1859 साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आंरी द्युनाँने जखमींची दैना पाहिली आणि त्यातून रेडक्रॉस उभी राहिली. जखमी माणूस कोणत्या बाजूचा, हे विचारायचे नाही, हा तिचा पाया. मानवता, तटस्थता आणि निःपक्षपातीपणा ही तीन तत्त्वे संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 1991च्या ठरावात सर्व मानवतावादी मदतीला लागू केली, आणि संकटग्रस्त देशाची संमती हवी, हेही त्यात घातले. पण ही तत्त्वे बहुतेक करून घाव बसल्यानंतरची.

आधीचे काय, याचे उत्तर कसे बदलत गेले ते तीन जागतिक परिषदांच्या नावांतच दिसते. तिन्ही जपानमध्ये भरल्या. 1994ची योकोहामा परिषद ‘नैसर्गिक आपत्ती’ कमी करण्यासाठी होती. 2005 साली कोबेला ‘नैसर्गिक’ हे विशेषण गळाले. 2015 साली सेंदाईला ‘जोखीम’ आत आली: आता कमी करायची ती आपत्तीची जोखीम. तीन अभ्यासकांनी ‘नेचर’मध्ये 1976 सालीच लिहिले होते, की आपत्तींमधला नैसर्गिकपणा काढून टाकायला हवा. नावातून एक शब्द जायला त्यानंतर जवळजवळ तीन दशके लागली.

योकोहामाच्या आठ महिने आधी, 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, किल्लारी हादरली. तिथली घरे डोळ्यांपुढे आणा. दगडाच्या रुंद भिंती, दगड सांधायला नुसती माती, वर लाकडी तुळयांवर माळवद. माळवद म्हणजे मातीचा जाड थर, उन्हाळ्यात घर थंड ठेवणारा आणि त्या पहाटे झोपलेल्यांवर आलेला. हजारो माणसे गेली. भूकंप आसमानी म्हणा, पण त्या भिंतीत आडवे बांधदगड आणि पट्टा घालायला कोणी शिकवले नव्हते, हे आसमानी कसे?

‘जोखीम’ या शब्दाची मराठीतली क्रियापदे पाहा. जोखीम घेतात, पत्करतात, उचलतात. इथे कर्ता आहे, आणि म्हणून हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. पण तो जपूनच वापरावा लागतो. आपल्याकडे नदीकाठाला निळी आणि लाल पूररेषा आखतात: निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत झोपडी बांधणाऱ्याने जोखीम ‘पत्करली’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याला दुसरीकडे जागा परवडली नाही. पत्करली असेल तर ती त्याच रेषेत इमारतीला परवानगी देणाऱ्याने, आणि पाणी मात्र दोघांच्या घरात शिरत नाही, शिरते ते झोपडीत.

या विषयातला एक जुना शब्द मात्र मला मनापासून आवडतो: तगाई. अरबी ‘तकावी’पासून आलेला, अर्थ बळ देणे. ज्या धातूपासून तो झाला त्याच धातूची आपली ‘कुवत’. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत आज ज्याला क्षमता म्हणतात, ती ही कुवत. 1883च्या कायद्याने विहिरी आणि बांधबंदिस्तीसाठी तगाई मिळे, 1884च्या कायद्याने बी-बियाणे आणि बैलांसाठी. विहीर ही दुष्काळाच्या आधीची तजवीज, बैल बहुधा नंतरचा. शब्दात बळ होते, पण व्यवहारात ते कर्ज होते, आणि वसुलीला सरकारी माणूस दारात उभा राहिला की शेतकऱ्याच्या लेखी तगाईही सुलतानीच्या खात्यात जाई.