आखडतीं चाकें आणि विझलेला दिवा

कांहीं महिन्यांपूर्वीं एका रविवारीं सकाळीं आमच्या भाच्यानें आम्हांस गांवाबाहेरच्या माळावर नेलें. त्यानें स्वतःच्या हातांनीं जुळविलेलें, बिनतारी यंत्राच्या साह्यानें जमिनीवरून चालविलें जाणारें एक लहानसें विमान त्या दिवशीं आकाशांत जावयाचें होतें. विमान तीन हात लांबीच्या पंखांचें. पण त्याचा थाट खऱ्या लढाऊ विमानाचा. जमीन सोडतांच त्याचीं दोन्ही चाकें पंखांच्या पोटांत अलगद शिरलीं, तेव्हां आम्हांसही कौतुक वाटल्यावांचून राहिलें नाहीं. उतरतेवेळीं मात्र उजवें चाक खालीं आलें आणि डावें आलेंच नाहीं. विमान एका अंगावर घसरत गेलें, पंखाचें टोंक मोडलें, आणि भाचा रडकुंडीस येऊन म्हणाला, "मामा, कळ तर मीं दाबली होती!"

पुढच्या आठवड्यांत त्यानें साठविलेल्या पैशांतून चाक आखडण्याचें नवें यंत्र आणून बसविलें. रविवारीं पुन्हां तोच प्रकार. दुकानदारानें खराब माल गळ्यांत मारला, असा निकाल देऊन तो मोकळा झाला. आम्हांस यंत्रविद्येचें ज्ञान बेताचेंच. परंतु जुनीं पुस्तकें चाळण्याची खोड आहे. ह्या निमित्तानें आखडत्या चाकांचा इतिहास पाहूं लागलों, तों असें आढळून आलें कीं, ह्या चाकांनीं मोठमोठ्या जाणत्यांसही असेंच फसविलें आहे.

पक्षी उडाला कीं पाय पोटाशीं घेतो किंवा मागें ताणून धरतो. विमानाचीं चाकें जमिनीवर जितकीं आवश्यक, तितकींच आकाशांत निरुपयोगी. नुसतीं निरुपयोगी नव्हत, तर अडथळा करणारीं. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा रोध चौपट होतो. अमेरिकेच्या सरकारी वायुयान-संशोधन मंडळानें १९२० नंतरच्या दशकांत एक लहान विमान प्रचंड वायुबोगद्यांत ठेवून मोजमाप घेतलें, तेव्हां त्याच्या धडास होणाऱ्या रोधापैकीं सुमारें ४० टक्के वांटा एकट्या उघड्या चाकांचा व त्यांच्या दांड्यांचा निघाला.

तथापि ही कल्पना ह्या मोजमापापेक्षां पुष्कळच जुनी आहे, आणि ती प्रथम सुचली ती एका खेळण्यांतल्या विमानाच्या कर्त्यास, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आल्फोंस पेनो हा फ्रेंच तरुण आरमारी अधिकाऱ्याचा मुलगा. कंबरेच्या दुखण्यामुळें त्यास समुद्रावर जातां आलें नाहीं. तेव्हां त्यानें आकाशाकडे लक्ष वळविलें. १८७१ च्या ऑगस्टमध्यें पॅरिसच्या त्विलरी बागेंत त्यानें पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर चालणारें एक चिमुकलें विमान उडवून दाखविलें. तें ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर गेलें. पुढें १८७६ सालीं पॉल गोशो ह्या कारागिराच्या साह्यानें त्यानें मनुष्य वाहून नेणाऱ्या विमानाचें पेटंट घेतलें. त्यांत पोटांत ओढून घेतां येतील अशीं चाकें दाखविलीं होतीं. राइट बंधूंचें उड्डाण १९०३ चें, म्हणजे त्याच्यानंतर २७ वर्षांनीं! विमान बांधण्यास पैसा मिळाला नाहीं. १८८० सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, निराश होऊन पेनोनें आत्महत्या केली. तत्पूर्वीं आपले आराखडे त्यानें एका लहान शवपेटीत घालून आपल्या एका वडीलधाऱ्या संशोधकाच्या घरीं ठेवले, असें सांगतात.

पेनोची कल्पना प्रत्यक्षांत येण्यास पहिलें महायुद्ध उलटावें लागलें. १९२० सालीं फ्रान्समधील गॉर्डन बेनेट शर्यतींत अमेरिकेचें डेटन-राइट विमान उतरलें. त्याचीं चाकें वैमानिक हातानें दांडा फिरवून धडांत ओढून घेई. बिघाड होऊन तें शर्यतींतून परतलें, पण कल्पना परतली नाहीं. दोनच वर्षांनीं व्हरव्हिल-स्पेरी विमानाचीं चाकें पंखांत शिरूं लागलीं, व त्याच विमानानें १९२४ ची पुलित्झर शर्यत जिंकली. १९३० सालीं बोइंगचें टपालवाहू 'मोनोमेल' आणि १९३१ सालीं लॉकहीडचें 'ओरायन' हीं चाकें पोटांत घेऊन उडालीं. विरोधकही होतेच. चाक आखडण्याचें यंत्र म्हणजे वजन, खर्च आणि बिघाडाची नवी जागा, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. परंतु वेग वाढत गेला तसतसा तो दुबळा पडला. १९३५ सालच्या डग्लस डीसी-३ मध्यें आखडलेलीं चाकेंही थोडीं बाहेर राहत. त्यामुळें तीं उघडलीं नाहींत तरी विमान त्यांवर टेकून उतरूं शके.

पहिल्या काळांतील वैमानिकाचे कष्ट मात्र मोठे होते. रशियाच्या आय-१६ ह्या लढाऊ विमानांत चाकें वर घेण्यास दांड्याचे ४४ फेरे द्यावे लागत. अमेरिकेच्या 'वाइल्डकॅट'मध्यें २९ फेरे. आणि मध्येंच हात सुटला तर चाकें आपल्या वजनानें धाडकन् खालीं येत व उलट फिरणारा दांडा मनगटाचा समाचार घेई. पुढें द्रवदाब व वीज ह्यांनीं हे कष्ट हलके केले. कळ दाबावी आणि काम व्हावें, अशी सोय झाली. पण कष्ट गेले तशी खात्रीही गेली. दांडा फिरविणाऱ्याच्या हातास चाकाची हालचाल प्रत्यक्ष समजे. कळ दाबणाऱ्यास ती दिव्यावरून ओळखावी लागे. येथून ह्या इतिहासाचा दुसरा अध्याय सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धांत बी-१७ विमानांचे कित्येक वैमानिक सुखरूप उतरल्यावर जमिनीवर असतांनाच चाकें आखडून घेत आणि धडधाकट विमान पोटावर आपटत. हा निष्काळजीपणा, असें सारे म्हणत. आल्फोन्स चॅपॅनिस ह्या मानसशास्त्रज्ञानें पाहिलें, तों चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारींशेजारीं व दिसण्यांत अगदीं सारख्या! थकलेला माणूस झडपा मिटावयास जाई आणि चाकें मिटी. त्यानें एका कळीस रबरी चाकाचा व दुसरीस पाचरीचा आकार दिला. हाताला न पाहतांच फरक समजूं लागला. दोष माणसाच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें. तो कोठें आहे हें शोधणें निराळें.

परंतु सर्वांत हृदयद्रावक कथा १९७२ सालची आहे. २९ डिसेंबरच्या रात्रीं ईस्टर्न एअर लाइन्सचें ४०१ क्रमांकाचें विमान १७६ माणसें घेऊन मायामीस उतरत होतें. चाकें सोडलीं, पण पुढील चाक पक्कें बसल्याचा हिरवा दिवा लागला नाहीं. वैमानिकांनीं विमान २००० फूट उंचीवर नेऊन स्वयंचलित यंत्राच्या हवालीं केलें आणि दिव्याच्या मागें लागले. दिव्याची डबी निघेना, निघाली तर नीट बसेना. एकजण चाक डोळ्यांनीं पाहण्यासाठीं खालच्या कोठडींत उतरला. ह्या गडबडींत दांड्यास नकळत धक्का लागून उंची राखण्याची योजना सुटली असावी. बाहेर एव्हरग्लेड्सची दलदल, मिट्ट काळोख. उंची कमी झाल्याची घंटा वाजली, पण तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. विमान सावकाश खालीं येत गेलें आणि दलदलींत कोसळलें. १०१ माणसें प्राणांस मुकलीं. चौकशींत आढळलें तें असें: पुढील चाक व्यवस्थित खालीं आलेलें होतें. जळाले होते ते दिव्यांतील दोन लहान बल्ब.

ह्यास सहा वर्षें पूर्ण होतात न होतात तोंच, २८ डिसेंबर १९७८ रोजीं, युनायटेड कंपनीचें १७३ क्रमांकाचें विमान पोर्टलंड शहरावर सुमारें तासभर घिरट्या घालीत राहिलें. उजव्या चाकाचा गंजलेला दांडा तुटून चाक धाडकन् खालीं पडलें होतें, आणि त्या धक्क्यानें दिव्याची कळ मोडली होती. चाक खालींच होतें. खूण मात्र मिळेना. कप्तान चाकाच्या व उतारूंच्या व्यवस्थेंत गुंतला. सहकाऱ्यांनीं इंधन संपत आल्याचें सुचविलें तें त्याच्या मनावर ठसलें नाहीं. इंधन संपलें, विमान पडलें, १० माणसें दगावलीं. १९७९ सालीं नासा संस्थेनें ह्या प्रकारच्या अपघातांवर विचार करण्यासाठीं परिषद भरविली. 'एकानें विमान चालवावें, दुसऱ्यानें दोष शोधावा. आणि धाकट्यानें शंका काढली तर थोरल्यानें ती ऐकावी,' हा वैमानिकांच्या शिक्षणांतील पाठ तेथून पुढें रूढ होत गेला.

ह्या दोन्ही प्रसंगांतील मर्म एकच. खूण म्हणजे वस्तु नव्हे. दिवा विझला म्हणून चाक अडकलें असें होत नाहीं, आणि दिवा लागला म्हणून तें बसलेंच असेंही नाहीं. बिघाड शोधणाराचें पहिलें काम, आपल्यास जें दिसतें तें चाक कीं चाकाचा निरोप, हें ठरविण्याचें आहे.

हें वाचून आम्ही भाच्याच्या मेजापाशीं जाऊन बसलों. अशा लहान विमानांत चाकें आखडण्याच्या तीन तऱ्हा आहेत. एकींत सर्व्हो नांवाचें छोटें चालकयंत्र तारेनें चाक ओढतें. तेथें तार कोठें घासली कीं सर्व्हो गुणगुणत राहतो आणि साऱ्या विमानाची बॅटरी पिऊन टाकतो. दुसरींत दाबलेल्या हवेवर काम चालतें. तेथें रबरी कडी वाळली कीं हवा गळते, आणि साबणाच्या पाण्याच्या बुडबुड्यांनीं ती जागा सांपडते. तिसरींत विजेची मोटार आट्यांचा दांडा फिरविते. भाच्याचें विमान ह्या तिसऱ्या तऱ्हेचें होतें.

आम्हीं विमान उताणें ठेविलें व प्रथम डाव्या-उजव्या यंत्रांच्या तारा आपसांत बदलल्या. दोष तारेबरोबर उजवीकडे गेला असता, तर तो विजेचा ठरता. पण तो डावीकडेच राहिला. मग डावें चाक काढून नुसतें यंत्र वीस वेळां चालवून पाहिलें. एकदांही अडलें नाहीं. म्हणजे नवें यंत्र निर्दोष, आणि बहुधा जुनेंही. चाक पुन्हां बसवून तें हळूहळू बाहेर येतांना पाहिलें, तेव्हां उलगडा झाला. पूर्वींच्या एका आदळ्यानें चाकाचा दांडा तांदळाच्या दाण्याइतका मागें वांकला होता, आणि बाहेर निघतांना चाक खोबणीच्या कडेस अडत होतें. अशा यंत्रास डोळे नसतात. मोटारीवर जोर पडून विजेचा प्रवाह वाढला, कीं चाक शेवटास पोंचलें असें समजून तें थांबतें. येथें चाक अर्ध्यांत अडलें, जोर पडला, आणि यंत्रानें काम झालें असें मानून विश्रांति घेतली! मायामीच्या विमानांत काम झालें होतें व खूण नव्हती. येथें खूण मिळाली होती व काम झालें नव्हतें.

भाच्यानें दांडा सरळ केला, खोबणीची कड कानसीनें थोडी घासली, आणि चाक वीस वेळां आंतबाहेर करून पाहिलें. मग कांहीं वेळ गप्प बसून तो म्हणाला, "मामा, त्या दुकानदाराला मीं फार बोललों." जुनें यंत्र त्यानें पुसून डबींत ठेविलें, आणि संध्याकाळीं आपण होऊन दुकानाकडे गेला. पुढच्या रविवारीं माळावर विमान दोन्ही चाकांवर उतरलें, हें सांगावयास पाहिजेच असें नाहीं; पण उतरण्यापूर्वीं त्यानें तें एकदां आमच्या डोक्यावरून खालून नेलें, आणि आकाशाकडे मान वर करून दोन्ही चाकें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून घेतलीं, हें मात्र आवर्जून सांगितलें पाहिजे.