माळाचा आवाज ऐकणारीं यंत्रें

सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणारी आगगाडी दुधनीचें स्थानक मागें टाकून दूर गेली, कीं कर्नाटकाच्या सीमेलगतच्या त्या गांवाभोंवतीं, ज्वारी-तुरीच्या रानांतून, पांखरांचे आवाज पुन्हां कानीं येऊं लागतात. वाटसरूला ती निव्वळ किलबिल वाटते. जाणत्याला मात्र तें त्या भूमीचें हजेरीपत्रकच होय. कोण आलें, कोण राहिलें आणि कोण कायमचें निघून गेलें, हें त्यावरून समजतें. हें हजेरीपत्रक यंत्राकडून लिहवून घेण्याची विद्या सव्वाशें वर्षांहून थोडीच अधिक जुनी आहे.

तिचा आरंभ एका भारतीय जातीच्या पक्ष्यापासून व्हावा, हा मौजेचा योग आहे. १८८९ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलानें घरांतल्या श्यामा पक्ष्याचें गाणें एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर उतरविलें. पक्ष्याच्या गाण्याचें ज्ञात असलेलें हें पहिलें मुद्रण. श्यामा सह्याद्रीच्या रानांतही गातो. परंतु त्या काळच्या कर्ण्याला गाणारा अगदीं जवळ लागे. म्हणून पिंजऱ्यांतला पक्षीच उपयोगी पडला.

रानांत स्वच्छंद हिंडणारा पक्षी टिपण्यास बोलपटाचीं यंत्रें यावीं लागलीं. कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर अॅलन व पीटर केलॉग यांनीं १९२९ सालीं अमेरिकेंतील इथाका येथें तीं बाहेर नेऊन वन्य पक्ष्यांचे आवाज फिल्मवर घेतले. पुढें १९३२ मध्यें अंतर्गोल तबकडी आली. ती दूरचा आवाज गोळा करून ध्वनिग्राहकावर एकवटते. १९३५ सालीं त्यांच्या चमूनें लुइझियानाच्या दलदलींत, खेंचरांच्या गाडींतून यंत्रें वाहून, हस्तिदंती चोंचीच्या सुतारपक्ष्याचा आवाज मुद्रित केला. १९४४ नंतर त्या पक्ष्याचें सर्वमान्य असें दर्शन झालेलें नाहीं. आवाज उरला, गाणारा हरपला.

त्यानंतर चुंबकीय फितीचीं, बॅटरीवर चालणारीं यंत्रें आलीं आणि गाडीचें ओझें एका माणसाच्या खांद्यावर आलें. एकविसाव्या शतकानें तो माणूसही दूर केला. २०१७ सालीं साउदॅम्प्टन व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं प्रसृत केलेलें ‘ऑडिओमॉथ’ हें यंत्र तळहातावर मावतें. साध्या तीन बॅटऱ्यांवर तें नेमल्या वेळीं जागें होतें, आवाज स्मृतिपत्रावर नोंदतें आणि पुन्हां निजतें. वटवाघुळांचे, मनुष्याच्या कानास न पोंचणारे आवाजही तें टिपतें. शेंकडों तासांचें असें मुद्रण माणसानें ऐकणें अशक्य. म्हणून संगणक त्याचें चित्र करून त्यांतील ओळखीच्या खुणा शोधतो.

अशा मुद्रणाचा उपयोग महाराष्ट्रानेंही पाहिला आहे. १८८४ नंतर नाहींसा झालेला मानला गेलेला वनपिंगळा १९९७ सालीं सातपुड्याच्या परिसरांत, शहाद्याजवळ पुन्हां सांपडला. मग त्याचा आवाज मुद्रित झाला, आणि तोच इतर रानांत ऐकवून त्याच्या भाईबंदांचा शोध घेण्यांत आला.

दुधनी ज्या सोलापूर जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत नान्नजच्या माळावर माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. विणीच्या काळांत या पक्ष्याचा नर गळ्याची पिशवी फुगवून खोल हुंकार देतो. त्याच्या आवाजावरून कांहीं प्रांतांत त्याला हुकना म्हणतात. पण माळाचा वाराही त्याच खालच्या पट्टींत घोंघावतो, त्यामुळें हा हुंकार टिपणें सोपें नाहीं. त्याहून मोठी अडचण अशी, कीं गवताळ माळ नांगराखालीं गेले, आणि माळढोक आतां तेथें क्वचितच दृष्टीस पडतो.

यंत्र अवजड होतें तेव्हां माळावर हुंकार होता. यंत्र हलकें व स्वस्त झालें तेव्हां हुंकार दुर्मिळ झाला. तरीही त्याचें काम व्यर्थ नाहीं. तारीखवार नोंदलेली शांतता हाही एक पुरावाच असतो. मात्र पुरावा जपणें एवढेंच यंत्राच्या हातीं आहे. माळ जपणें माणसाच्या.