सच्छिद्र धातू उत्प्रेरक, त्रिमितीय मुद्रित

सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांच्या विघटनासाठी त्रिमितीय मुद्रणाने थरावर थर रचून घडवलेला, आरपार छिद्रे असलेला धातूचा उत्प्रेरक (पहा : उत्प्रेरण).

उगम : या उत्प्रेरकामागे तीन शोध आहेत. एच. जे. एच. फेंटन यांनी लोहाचे लवण व हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी होणाऱ्या टार्टारिक अम्लाच्या ऑक्सिडीकरणाचे वर्णन 1894 मध्ये केले (पहा : फेंटन विक्रिया). मरी रॅनी यांनी 1920 नंतरच्या दशकात निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूतील ॲल्युमिनियम दाहक सोड्यात विरघळवून सच्छिद्र निकेल मिळवले. लेसरने धातुचूर्ण वितळवून वस्तू घडवण्याची पद्धत 1990 नंतरच्या दशकात जर्मनीतील आखेन येथे विकसित झाली.

वैशिष्ट्ये : साधारणतः 15 ते 45 मायक्रोमीटर आकाराच्या कणांचे चूर्ण पातळ थरात पसरतात. लेसर किरण संगणकीय आराखड्यानुसार ते वितळवतो. न वितळलेले चूर्ण छिद्रांतून झटकून काढतात. अशा रीतीने उत्प्रेरकाची जाळी तयार होते. तिच्यासाठी गायरॉइड हा वळणदार, परस्परांना जोडलेल्या वाटांचा आकार वापरतात. मिश्रधातूतील एक घटक रसायनाने विरघळवल्यास भिंतींवर आणखी सूक्ष्म छिद्रे पडतात व पृष्ठफळ वाढते. लोहयुक्त जाळीवर हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. ती रंगद्रव्ये, फिनॉल इत्यादींचे रेणू तोडतात.

महत्त्व : विरघळलेले लोह वापरणाऱ्या प्रक्रियेत लोह हायड्रॉक्साइडचा गाळ साचतो. घन जाळी पाण्यातून उचलून पुन्हा वापरता येते आणि गाळ कमी होतो. धातूची झीज, छिद्रे बुजणे आणि चूर्णाची किंमत या तिच्या मर्यादा होत (पहा : सांडपाणी, त्रिमितीय मुद्रण).