दाबाखालची वाफ आणि मेक्सिकोची कढई

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर वसलेले आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे पाणी शंभर अंशांपर्यंत तापण्याआधीच, म्हणजे ९२-९३ अंश सेल्सिअसला, उकळू लागते. चुलीत कितीही लाकडे सारली तरी उघड्या भांड्यातील पाणी त्यापुढे तापत नाही. जाळ वाढवावा तर ते लवकर आटते, इतकेच. म्हणून त्या पठारावर घेवड्याचे दाणे शिजण्यास आणि निबर मांस मऊ होण्यास किनारपट्टीपेक्षा अधिक वेळ आणि अधिक सरपण लागते. तेथील गृहिणीने प्रेशर कुकरला घरात मानाची जागा दिली, यात मग नवल ते काय? स्पॅनिश भाषेत या भांड्याला ‘ओया एक्स्प्रेस’, म्हणजे जलद शिजवणारे भांडे, असे म्हणतात. या भांड्यात तेथे जे अनेक पदार्थ शिजतात त्यांपैकी एक म्हणजे डुकराचे तंतू सोडवलेले मांस. मक्याच्या भाकरीत गुंडाळून, वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालून ते खाल्ले जाते.

हा पदार्थ काही सर्वांच्या पानात येणारा नव्हे. अनेक घरांत तो वर्ज्यच आहे. परंतु एखाद्या पदार्थाचा इतिहास जाणण्यासाठी तो चाखलाच पाहिजे असे नाही. मेक्सिकोचा म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थातील प्राणीही मूळचा मेक्सिकोचा नाही आणि भांडेही नाही. दोन्ही समुद्रापलीकडून आली, आणि दोहोंच्या मागे माणसांच्या छळाची आणि परागंदा होण्याची कहाणी आहे.

आधी प्राण्याची हकीकत पाहू. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ साली, घोडे, गाई आणि मेंढ्या यांच्याबरोबर काही डुकरेही जहाजावर चढविण्यात आली होती. कॅरिबियन बेटांवर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. डुक्कर मिळेल ते खाते, एका वेळी अनेक पिल्ले देते आणि त्याला गुराखी लागत नाही. सैन्याबरोबर चालत जाणारा हा अन्नसाठाच होता. एर्नान कोर्तेसने १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान पडली. या मोहिमेतील एक शिपाई बेर्नाल दियास याने म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या. विजयानंतर कोयोआकान येथे झालेल्या मेजवानीची हकीकत तो देतो. त्या मेजवानीसाठी स्पेनहून दारू आणि क्यूबाहून डुकरे आली होती. शेजारी राजधानी उद्ध्वस्त होऊन पडलेली असताना हे पान मांडले गेले, हे विसरता येत नाही.

तोपर्यंत मेक्सिकोच्या लोकांना डुक्कर, गाय, मेंढी यांपैकी एकही प्राणी ठाऊक नव्हता. टर्की हा मोठा पक्षी आणि खाण्यासाठी पाळलेली कुत्री, हीच त्यांची पाळीव मांसाची साधने. मका, घेवडा, भोपळा, टोमॅटो आणि मिरची यांवर त्यांचा आहार उभा होता. भाजणे, उकडणे आणि वाफवणे या तिन्ही कलांत ते निपुण होते. चरबीत तळण्याची रीत मात्र त्यांच्या स्वयंपाकात जवळजवळ नव्हती. डुकराबरोबर मांस आले, तशीच चरबीही आली, आणि या चरबीने त्यांच्या स्वयंपाकाचे स्वरूपच पालटले. मक्याच्या पिठाचे पूर्वापार चालत आलेले ‘तामाले’ त्यानंतर चरबी फेटून हलके होऊ लागले.

या मांसाला त्या काळी आणखी एक अर्थ होता. स्पेनने १४९२ साली यहुद्यांना देशाबाहेर घालविले. जे बाप्तिस्मा घेऊन मागे राहिले, त्यांच्या ताटावर शेजाऱ्यांची नजर असे. घरात डुकराचे मांस शिजत नाही, एवढी कुजबुजही संशयाला पुरेशी होई. हीच नजर महासागर ओलांडून नव्या मुलखात पोहोचली. मेक्सिको शहरात १५७१ मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. नुएवो लेओन प्रांताच्या गव्हर्नराचा भाचा असलेला लुईस दे कार्वाहाल या तरुणाला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५९६ साली देहदंड देण्यात आला. अशा खटल्यांत डुकराचे मांस टाळणे हा एक पुरावा मानला जात असे. गोव्याच्या वाचकांना हा प्रकार परका वाटणार नाही. तेथे असेच न्यायासन १५६० मध्ये आले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत टिकले. पानात काय वाढले आहे यावरून माणसाची निष्ठा तोलण्याचा तो काळ होता.

परंतु सत्ताधाऱ्यांनी आणलेली वस्तू लोक आपल्या रीतीने वापरू लागतात, तेव्हा तिचे रूप बदलते. युकातानमधील माया लोक जमिनीत खड्डा खणून, त्यात दगड तापवून, पानांत गुंडाळलेले अन्न पुरून शिजवीत. या खड्ड्याला त्यांच्या भाषेत ‘पिब’ म्हणतात. आपल्याकडे पोपटी लावणाऱ्यांना ही कल्पना चटकन समजेल, जरी तेथे मडके नसून पानांचे वेष्टण असते. या खड्ड्यात आता डुकराचे मांस जाऊ लागले. त्याला रंग आला तो तेथल्याच शेंद्रीच्या बियांचा; आंबटपणा आला तो स्पॅनिश लोकांनी नेलेल्या कडवट नारिंगाचा; आणि वेष्टणाला पान आले ते केळीचे, जी केळही त्याच काळात तेथे पोहोचली. ‘कोचिनिता पिबिल’ या नावाने तो पदार्थ आजही प्रसिद्ध आहे.

पश्चिमेकडील मिचोआकान प्रांतात दुसरी रीत रूढ झाली. तेथील पुरेपेचा लोक स्पॅनिश आगमनापूर्वीपासून तांब्याच्या कामात वाकबगार होते. सांता क्लारा देल कोब्रे या गावाच्या नावातच तांबे आहे, आणि तेथील कारागीर आजही तापलेले तांबे घणांनी ठोकून भांडी घडवितात. पहिले बिशप वास्को दे किरोगा यांनी या प्रांतातील गावागावाला एकेक कसब नेमून दिले, असे परंपरा मानते. तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराची चरबी वितळवून त्यात मांसाचे तुकडे मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे आणि शेवटी आच वाढवून त्यांना तांबूस कड आणायची, ही तेथील पद्धत. या पदार्थाला ‘कार्निटास’, म्हणजे मांसाचे लहान तुकडे, असे म्हणतात. त्या बिशपांचे नाव धारण करणारे किरोगा हे गाव आज त्याच पदार्थासाठी ओळखले जाते.

खड्डा काय आणि कढई काय, दोन्ही रीतींचे मर्म एकच आहे. मेहनत करणाऱ्या स्नायूचे, उदाहरणार्थ खांद्याचे, मांस निबर आणि म्हणून स्वस्त असते. त्याचे तंतू कोलॅजन नावाच्या द्रव्याने बांधलेले असतात. ओलसर उष्णता पुष्कळ वेळ मिळाली, की हे द्रव्य विरघळून त्याचा सरस होतो. बंध सुटले की काट्याचा नुसता स्पर्श होताच मांसाचे धागे मोकळे होतात. धागे सोडविण्याला स्पॅनिश भाषेत ‘देशेब्रार’ म्हणतात आणि या शब्दाच्या पोटात ‘एब्रा’, म्हणजे सुताचा धागा, आहे. श्रीमंताला कोवळे मांस विकत घेता येते. गरिबाला ते वेळ आणि सरपण खर्चून कोवळे करावे लागते. आणि जेथे सरपण डोक्यावरून आणावे लागते, तेथे तो वेळ बहुधा बाईचा असतो.

नेमका हाच प्रश्न सतराव्या शतकात एका फ्रेंच वैद्याच्या मनात घोळत होता. देनी पापँ हा १६४७ मध्ये ब्ल्वा येथे जन्मला. त्याने पॅरिसला हायगेन्सच्या आणि नंतर लंडनला रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली काम केले. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड भांडे मांडले. त्याचे झाकण स्क्रूने घट्ट आवळलेले होते. आत कोंडलेल्या वाफेचा दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो आणि अन्नाला शंभर अंशांहून अधिक उष्णता मिळते. भांडे फुटू नये म्हणून त्याने झाकणातील छिद्रावर वजन लावलेली एक झडप बसविली. दाब फार झाला की वजन उचलले जाई आणि वाफ बाहेर पडे. आतील उष्णता अजमावण्याची त्याची युक्तीही गमतीची होती. झाकणावरील खळगीत पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात उडून जातो, हे तो लंबकाच्या आंदोलनांनी मोजीत असे.

पापँने १६८१ मध्ये या भांड्यावर पुस्तक लिहिले. हाडांसारखी फेकून दिली जाणारी वस्तू खाण्याजोगी व्हावी आणि म्हाताऱ्या गाईचे निबर मांस कोवळ्या मांसासारखे व्हावे, हा त्याचा हेतू होता. एप्रिल १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी या भांड्यात शिजविलेले जेवण घेतले. त्यांच्यापैकी जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे की, कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती आणि त्यासाठी आठ औंसांहूनही कमी कोळसा लागला होता. सरपणाची ही बचत त्या चतुर गृहस्थाच्या नजरेतून सुटली नाही.

परंतु पापँच्या नशिबी स्वास्थ्य नव्हते. तो प्रॉटेस्टंट होता. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतले आणि पापँला मायदेशाचे दार बंद झाले. जर्मनीत मारबुर्ग येथे त्याने अध्यापन केले. १६९० मध्ये वाफेने दट्ट्या हलविण्याची कल्पना त्याने प्रसिद्ध केली. वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात तिला मोठे स्थान आहे. पुढे तो लंडनला परतला, तो विपन्नावस्थेत. १७१२ नंतर त्याचा ठावठिकाणा लागत नाही.

त्याचे भांडे गरिबाच्या चुलीवर चढायला मात्र सव्वादोन शतकांहून अधिक काळ लोटला. जाड लोखंडी भांडे जड, महाग आणि धोक्याचे होते. विसाव्या शतकात ॲल्युमिनियम स्वस्त झाले, झाकणाला रबराची कडी बसली आणि परिस्थिती पालटली. स्पेनमधील सारागोसा शहरच्या होसे आलिक्स मार्तिनेस याला १९१९ मध्ये ‘ओया एक्स्प्रेस’चे पेटंट मिळाले. न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात ‘प्रेस्टो’ कुकर लोकांपुढे आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही भांडी घरोघर पोहोचली. आपल्याकडे मुंबईत १९५९ मध्ये हॉकिन्स कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकांत शिट्ट्या मोजून वरणभात शिजविणे ही नित्याची गोष्ट झाली.

मेक्सिकोच्या पठारावर या भांड्याचा लाभ अधिकच जाणवतो. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचास १५ पौंड दाब अधिक असतो. समुद्रकिनारी त्यामुळे आतील उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, मेक्सिको शहरात ती ११७ अंशांच्या जवळपास राहते. म्हणजे उघड्या भांड्यापेक्षा तेथे जवळजवळ पंचवीस अंशांचा लाभ होतो. खांद्याच्या मांसाचे मोठे तुकडे, मीठ, लसूण, कांदा, जिरे, तमालपत्र, ओरेगानो, सुक्या मिरच्या आणि नारिंगाचा रस एवढे साहित्य घेतात. मांस शिजता शिजता स्वतःचेच पाणी सोडते, म्हणून वरून पाणी अगदी बेताचे घालतात. एरवी तीन तास किंवा अधिक मागणारे हे काम तास-पाऊण तासात होते. नंतर भांडे उतरवून दाब आपोआप उतरू देतात, कारण वाफ एकदम सोडली तर आतील रस उसळतो आणि मांस कोरडे पडते. मग दोन काट्यांनी त्याचे धागे सोडवितात.

येथे मात्र नवे भांडे थांबते. तांबूस, कुरकुरीत कड येण्यास सुमारे १४० अंशांहून अधिक आणि कोरडी उष्णता लागते. वाफेने भरलेल्या बंद भांड्यात ती मिळणे शक्य नाही. म्हणून सोडवलेले धागे तापलेल्या तव्यावर, थोड्या चरबीत, पुन्हा परतावे लागतात. मिचोआकानच्या कढईतील शेवटची पायरी कुकरने घालविली नाही. तिच्या आधीचे ताटकळणे तेवढे कमी केले. जुन्या कढईचे कैवारी म्हणतात की, चरबीत सावकाश मुरलेल्या मांसाची चव वाफेला येत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण सणाच्या दिवशी कढईभोवती बसणाऱ्या कारागिराचा वेळ आणि रोज संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या स्त्रीचा वेळ यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आपला आणि मेक्सिकोचा या बाबतीत जुना ऋणानुबंध आहे. मिरची ही अमेरिका खंडाची देणगी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिला भारताच्या किनाऱ्यावर घेऊन आले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगिजांचे लसूण-आंबटातील मांस आणि ती मिरची एकत्र आली. माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याने त्याला येथला आंबटपणा दिला, आणि विंदालू हा पदार्थ जन्मला. एकाच शतकात जगाच्या दोन टोकांना दोन दर्यावर्दी सत्तांनी एकच प्राणी लोकांपुढे ठेवला, आणि दोन्हीकडच्या लोकांनी आपल्या मातीचे रस घालून त्याला आपले केले.

मेक्सिकोच्या खेड्यांत आजही अनेक घरांत लाकडावरच स्वयंपाक होतो आणि सरपणाची मोळी आणण्याचे कष्ट संपलेले नाहीत. पापँने आठ औंस कोळशात जे करून दाखविले, ते अजून सर्वांपर्यंत पोहोचलेले नाही. ज्या चुलीला त्याची सर्वांत अधिक गरज आहे, तिथवर ते भांडे जाईल तेव्हाच त्या परागंदा वैद्याचा हेतू पूर्ण झाला असे म्हणता येईल.