हॅम रेडिओ आणि नावांची यादी

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या बॅचच्या वसतिगृहवाल्यांना नव्याने सांगायला नको. विसर्जनाची मिरवणूक बघून उशिरा झोपलो होतो. चारच्या सुमारास खाटा हलल्या आणि सगळे अंगणात. किल्लारीचं नाव दुपारपर्यंत कळलं. आपला एक वर्गमित्र उमरगा तालुक्यातला होता. त्याचं नाव लिहीत नाही, तो हे वाचतोच आहे. दोन दिवस गावाकडून काही खबर नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोनवरून उतरवून घेतलेली मृतांची यादी आली आणि तीत त्याच्या वडिलांचं नाव निघालं. विज्ञानाचे सर रात्रभर त्याच्या खाटेवर बसून होते. पाचव्या दिवशी वडील स्वतः डोक्याला पट्टी बांधून दारात उभे! यादीतला माणूस त्याच नावा-आडनावाचा, पण शेजारच्या गावचा होता. फोनवर गावाचं नाव चुकीचं ऐकलं गेलं होतं.

त्या दिवशी आपण सगळे रडलो आणि हसलो. त्या दुसऱ्या घरी खरी बातमी केव्हा पोचली असेल, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या मनात ते फार वर्षांनी आलं, हॅम रेडिओचा परवाना काढल्यावर. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून संपादक मंडळाने फर्मावलं, तेव्हा हाच विषय समोर आला.

हॅम म्हणजे हौसेने बिनतारी संदेशवहन करणारे परवानाधारक. संकटात ते उपयोगी पडतात हे आपल्याकडे ठाऊक आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवत होत्या. अंदमानातली माणसं सुखरूप आहेत की नाहीत, हे मुख्य भूमीवर कळवण्याचं मोठं काम त्या केंद्राने केलं. तिथे उपयोगी पडला तो माणसाचा आवाज. ‘इकडे बोट पाठवा’ असं सांगायला आवाजासारखं साधन नाही.

अडचण येते ती याद्यांची. दोनशे नावं, वयं, गावं खरखरत्या रेडिओवर एकेक अक्षर फोड करून सांगायची म्हणजे तास जातात, आणि शेवटी ‘म’चा ‘न’ होतोच. जुन्या रेडिओ टेलिटाइपने अक्षरं छापून मिळत, पण लहरीत विजेचा कडकडाट मिसळला की अक्षर बदले आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसे.

यावरचा तोडगा हौशी मंडळींनीच काढला. ३१ मे १९७८ रोजी कॅनडातल्या माँट्रियलच्या हॅमनी संगणकी मजकुराचे तुकडे, म्हणजे पॅकेट, रेडिओवरून पाठवून दाखवले. पुढे व्हँकुव्हरच्या आणि मग अमेरिकेतल्या टूसॉनच्या मंडळींनी त्यासाठी घरी जोडता येतील अशी यंत्रं बनवली, आणि १९८४ मध्ये एएक्स.२५ हा नियमसंच छापून आला. युक्ती आपल्या गणिताच्या बाईंना आवडेल अशी आहे. प्रत्येक पॅकेटच्या शेपटाला त्यातल्या मजकुरावरून काढलेला एक ताळा जोडलेला असतो. घेणारं यंत्र तोच हिशेब पुन्हा करतं. ताळा जुळला तरच ‘मिळालं’ अशी पोच जाते, नाहीतर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. वेग सेकंदाला १२०० बिट, आजच्या मानाने गोगलगाय. पण पोचलेल्या नावात काना-मात्रेचाही फरक नाही.

पीटर मार्टिनेझ या इंग्रज हॅमने १९९८ मध्ये पीएसके३१ आणलं. ते साध्या साउंड कार्डावर चालतं आणि जेमतेम ३१ हर्ट्झ जागा घेतं. आवाजाला दोन हजारांहून जास्त लागतात. अगदी कमी शक्तीतही अक्षरं पार जातात, पण त्यात ताळा नाही. म्हणून यादीसाठी मी ते वापरणार नाही, गप्पांसाठी जरूर वापरेन.

खरी कसोटी लागली ती २० सप्टेंबर २०१७ ला. मारिया चक्रीवादळाने प्युएर्तो रिकोची वीज पार घालवली, शंभरातले पंचाण्णव मोबाइल मनोरे बंद. अमेरिकन रेड क्रॉसने हौशी संघटनेकडे ५० स्वयंसेवक मागितले. त्यातले २२ जण रेडिओसंच घेऊन तिथे गेले. ते विनलिंक ही रेडिओवरची ईमेल व्यवस्था वापरत होते. छावणीत लॅपटॉपवर सुखरूप माणसांची नावं टाइप करायची, ती लघुलहरींवरून शेकडो मैलांवरच्या, इंटरनेट शाबूत असलेल्या केंद्राला द्यायची, आणि तिथून ती साध्या ईमेलसारखी पुढे जायची. इथेही प्रत्येक तुकडा तपासला जातो. मुख्य भूमीवर वाट पाहणाऱ्यांना यादी मिळाली ती टाइप केली तशीच.

त्याच वर्षी एफटी८ नावाची नवी पद्धत आली. तिचे एक जनक जो टेलर हे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, आणि नोबेलचं वर्ष नेमकं १९९३! जगभरचे हॅम तिच्यामागे वेडे आहेत. पण पंधरा सेकंदांच्या एका फेरीत मनाजोगा मजकूर फक्त तेरा अक्षरांचा जातो. आपल्याकडची काही आडनावंच त्यात मावायची नाहीत. आमच्या क्लबातले तरुण हे ऐकून चिडतात, चिडोत.

हॅम मंडळी तेव्हा किल्लारीच्या भागातही पोचली होती, हे मला परीक्षेचा अभ्यास करताना वाचायला मिळालं. आपल्या वसतिगृहापासून ती काही फार लांब नव्हती. आपल्याला त्यांची खबर नव्हती, इतकंच.

मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या गच्चीवर तार बांधायची परवानगी मुख्याध्यापिका बाईंनी दिली आहे. मी संच आणि गाडीची बॅटरी घेऊन सकाळी आठलाच येतोय. हजर असलेल्यांची यादी विनलिंकने पाठवू, म्हणजे न येऊ शकलेल्यांना ती ईमेलवर मिळेल. यादी टाइप करायचं काम उमरग्याच्या त्या मित्राने स्वतःहून मागून घेतलं आहे. नावाबरोबर गावही लिहायचं, अशी त्याची अट आहे.