एका तुटलेल्या स्टडचा इतिहास

गेल्या महिन्यात सुट्टी जोडून रत्नागिरीला घरी गेलो होतो. बाबांची जुनी शंभर सीसीची गाडी तीन पावसाळे पडवीत उभी आहे. ह्याच गाडीच्या टाकीवर बसून मी शाळेत जायचो, त्यामुळे ती भंगारात द्यायचा विषय निघाला की घरात सगळेच गप्प होतात. म्हटलं, आपण इंजिनिअर आहोत (कॉम्प्युटरचे का असेना!), सडलेला सायलेन्सर तरी बदलू. दहाचा पाना लावला, नट हलेना. पान्याला पाइप घालून जोर केला आणि 'टक्' झालं. नट हातात, आणि नटात अर्धा स्टड. बाबा मागेच उभे होते. काही बोलले नाहीत, नुसते आत गेले.

ते न बोलणंच जास्त लागलं. मग रात्री वाचत बसलो, की हा स्टड एवढा घट्ट बसतोच का? आणि गोष्ट निघाली अडीचशे वर्षांपूर्वीची.

१७६१ साली ब्रिटिश नौदलाने 'एचएमएस अलार्म' ह्या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. हेतू हा, की समुद्री किड्यांनी लाकूड पोखरू नये. किड्यांचा बंदोबस्त झाला, पण दोन वर्षांनी तपासणी केली तर पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे पार खाऊन गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते. का? तर पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथे चुकून मध्ये राहिला होता! दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, की झाली बॅटरी तयार. त्यात एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने ह्यावर तोडगा सुचवला: तांब्याला जस्ताचे नाहीतर लोखंडाचे तुकडे जोडा, ते झिजतील आणि तांबं वाचेल. आजही बोटींच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात ते ह्याचसाठी.

आता गाडीकडे या. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादी, आणि हवा रत्नागिरीची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले महिने खारा वारा. इथे झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये फुगून बसते आणि स्टड जखडतो. बाहेरच्या बाजूला नट आणि स्टड दोन्ही लोखंडी, तिथे साधा गंज. म्हणजे एकाच स्टडला दोन कुलपं, आणि दोन्ही वेगळ्या जातीची.

आट्यांचा इतिहासही मजेशीर आहे. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागायचा नाही. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडातल्या अनेक कारखान्यांतले स्क्रू जमवून त्यावरून एक प्रमाण सुचवलं, आट्याचा कोन ५५ अंश. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंश काढला. (आपल्याकडे 'टॅब की स्पेस' हे भांडण आहे ना, तसंच!) भारतात इंग्रजांबरोबर इंची माप आलं. १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेली बुलेट ह्याच इंची घराण्यातली. १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक झालो, आणि १९८० च्या दशकात जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्यावर 'दहाचा, बाराचा, चौदाचा' पाना गल्लोगल्ली पोचला. तरी जुने मेकॅनिक अजून 'तीन सूत, चार सूत' म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

माझा स्टड सहा मिलिमीटरचा. आट्यांच्या आतला गाभा पाच मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यावर मी फूटभर पाइप घालून लटकलो होतो. दुसरं काय होणार?

रविवारी सकाळी गाडी ढकलत गॅरेजवर नेली. तिथले काका एरवी मच्छीमारी बोटींची इंजिनं उघडतात. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "जोर कशाला लावलास? आधी तापवायचं होतंस की रे!"

मग टाकी उतरवली, बॅटरीची वायर काढली. नशिबाने दोन-तीन आटे बाहेर राहिले होते. त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेड वाचतं. वर तापमानाने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मी हिशोब केला: सहा मिलिमीटरच्या भोकात दीडशे अंशांनी फरक पडतो जेमतेम एक शतांश मिलिमीटर. पण तेवढा पुरतो. थोडं निवल्यावर काकांनी डब्ल्यूडी-४० मारलं. (हे १९५३ साली अमेरिकेत ॲटलास क्षेपणास्त्राला गंज लागू नये म्हणून बनवलेलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०.) मग पाना लावून पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत मागे. घाई अजिबात नाही. दहा मिनिटांत स्टड बाहेर आला, पांढऱ्या भुकटीने माखलेला.

हा उपाय फसला असता तर मधोमध पंच मारून ड्रिल, आणि आटे गेलेच तर हेलिकॉइल. इझी-आउट वापरायला काका तयार नव्हते. तो आत तुटला तर एवढा कडक असतो, की साधं ड्रिलही त्यावर चालत नाही.

नवीन स्टड बसवताना काकांनी आट्यांना बोटाने अँटी-सीझ ग्रीस लावलं. मला एकदम 'अलार्म'वरचा तो तपकिरी कागद आठवला. दोन धातूंच्या मध्ये काहीतरी ठेवा, बस. १७६३ साली कळलेली गोष्ट मला कळायला एक स्टड तोडावा लागला.

संध्याकाळी बाबा गाडी घेऊन मांडवीपर्यंत जाऊन आले. आल्यावर एवढंच म्हणाले, "आवाज बरा आहे."

पुढच्या पावसाआधी दुसऱ्या स्टडलाही ग्रीस लावायचंय. ह्या वेळी आधी तापवून!